मिरचीच्या तळघरातला शिवणवर्ग

मे महिन्यात नागपुरात शिवणवर्ग चालवून दाखवा, मग माझ्याशी बोला. शाळा-कॉलेजं बंद होतात, घरात लोळणाऱ्या मुली आयांना नकोशा होतात, म्हणून वर्षाच्या निम्म्या मुली मला मे महिन्यातच मिळतात. आणि नेमकं त्याच महिन्यात वर्ग भरतो त्या समोरच्या खोलीवरचं टिन असं तापतं, की मशीनच्या चाकाला हात लावायला फडकं घ्यावं लागतं. सत्त्याहत्तर सालच्या मे महिन्यात एक मुलगी पोलक्याची बाही जोडता जोडता स्टुलावरून खाली आली. पाणी शिंपडलं, कांदा फोडून नाकाशी धरला, आली शुद्धीवर. पण दुसऱ्या दिवशी पाच मुली आल्याच नाहीत. त्यांच्या आया बाजारात मला पाहिलं की वांगी निवडण्यात फार गुंग व्हायच्या.

त्याच आठवड्यात परीक्षा मंडळाचं पत्र आलं. माझा वर्ग शिवण परीक्षेचं केंद्र व्हावा म्हणून मी अर्ज केला होता. त्यांनी लिहिलं होतं, की जागा मुलींच्या आरोग्यास योग्य नाही, पुढल्या मे महिन्यात पुन्हा तपासणी होईल, तेव्हाही असंच आढळलं तर अर्ज कायमचा निकाली निघेल. आता केंद्र नसलं म्हणजे माझ्याकडे शिकून परीक्षेला मुलींनी सीताबर्डीच्या वर्गात जाऊन बसायचं. मग त्या शिकायलाच तिकडे का नाही जाणार? अकरा वर्षं चालवलेला वर्ग एका ओळीत संपत होता. मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि तळघराची किल्ली शोधायला लागले.

आमच्या घराला तळघर आहे. माझ्या सासऱ्यांनी हे घर ज्या व्यापाऱ्याकडून घेतलं, तो भिवापुरी मिरचीचा धंदा करायचा आणि पोती खाली ठेवायचा. वर अंगाची लाही होत असली तरी खाली गेलं की जिवात जीव येतो. सहा मशीन आणि कापायचं टेबल सहज मावेल एवढी जागा, रस्त्याच्या पातळीला दोन झरोके. एकच भानगड होती. उत्तरेकडची भिंत ओली. पोपडे निघालेले, लोणा फुललेला, आणि पावसाळ्यात हात लावला की तळवा भिजायचा.

आमचे हे, म्हणजे मनोहरराव, स्वभावाने गरीब. घरात काही बिघडलं की ते आधी आपल्या आत्येभावाला, चंपतरावांना, बोलावतात आणि मग दोघं मिळून ते पक्कं बिघडवतात. चंपतराव एकदा मुंबईला जाऊन आलेले. तिथल्या कुठल्याशा हापिसात त्यांनी तळघर पाहिलं होतं म्हणे. भिंतीला आतून डांबर, त्यावर थर्माकोल, त्यावर प्लायवूड, वरून पॉलिश. ओल दिसत नाही, गरमी येत नाही, काम खतम. मी म्हटलं, भाऊजी, भिंत ओली आहे, आधी सुकू तर द्या. ते माझ्याकडे पाहून हसले. बाईमाणसाला डांबर कळत नाही, असं काहीतरी त्या हसण्यात होतं.

त्यांनी ठोकलेलं प्लायवूड पोळ्यापर्यंत फुगलं. दसऱ्यापर्यंत त्यावर काळी बुरशी चढली आणि एके दिवशी डांबरासकट गिलाव्याचा पापुद्रा सुटून टेबलावर पडला. पाणी भिंतीतच होतं, त्याला बाहेर पडायची वाट बंद केल्यावर ते आणखी काय करणार? हे मला, मॅट्रिक झालेल्या शिवणबाईला, समजत होतं. चंपतराव म्हणाले, डांबर भेसळीचं निघालं. मी त्यांना चहा दिला नाही.

मग ह्यांनी ठिय्यावरून एक मिस्त्री आणला. ठिय्या म्हणजे सकाळी गवंडी-मजूर जिथं कामासाठी उभे राहतात तो चौक. मिस्त्रीचं नाव देवाजी. पन्नाशीचा, खांद्यावर दुपट्टा, पिशवीत थापी आणि ओळंबा. पहिल्या दिवशी त्यानं काहीच केलं नाही. तळघरात उकिडवा बसला, भिंतीचा वास घेतला, एक पोपडा खरवडला आणि सणसणीत शिंकला. इथं काय ठेवत होते, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मिरची, तीस वर्षं.

"मिरचीले ओल चालत नाही बाई," तो म्हणाला. "तीस वर्षं मिरची राह्यली म्हणजे भिंत कोरडीच होती. ओल तुमच्या घरानं आनली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाच महिने मी ओरडून राहिले, आणि हा पहिल्याच दिवशी ओल माझ्या माथी मारतो. पण तो उठला, बाहेरून घराला वळसा घालून उत्तरेकडे गेला आणि आमच्या नहाणीपाशी थांबला. ती नहाणी सासऱ्यांनी घर घेतल्यावर बांधली होती. तिची नाली भिंतीला लागूनच जात होती आणि तीन ठिकाणी फुटलेली होती. वरून छपराचं पाणीही तिथंच पायाशी पडत होतं. आम्ही रोज आंघोळी करून तळघराला पाणी पाजत होतो. त्याचं खरं होतं, आणि म्हणून मला तो माणूस अजूनच आवडला नाही.

त्यानं नाली हलवली. भिंतीच्या बाहेरून पायापर्यंत चर खणला, त्यात गिट्टी आणि मुरूम भरला, रस्त्याकडे उतार काढला. आतलं डांबर छिन्नीनं तासून काढलं. आणि मग थांबला. मी विचारलं, आता? तर म्हणे, आता काही नाही, सुकू द्या. मी म्हटलं, किती दिवस? तर म्हणे, ते भिंत सांगेल. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, संक्रांत झाली. हा गृहस्थ दर आठवड्याला यायचा, भिंतीला तळवा लावून उभा राहायचा, मान हलवायचा आणि पायरीवर बसून भाकर खाऊन निघून जायचा. मला मे महिना दिसत होता, आणि ह्याला घाई नावाची गोष्ट माहीत नव्हती. मी चिडून भाजलेला पापड सकाळी तळघरात ठेवायला लागले. संध्याकाळी तो नरम पडलेला असायचा, आणि माझंही अवसान तसंच गळायचं. फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी पापड कडक निघाला. मी तो देवाजीपुढे नेऊन मोडला. त्यानं तुकडा तोंडात टाकला आणि दुसऱ्या दिवशी विटा आणल्या.

जुन्या भिंतीपासून चार बोटं जागा सोडून त्यानं आतून दुसरी भिंत उभारली. चुन्यात, उभ्या विटेची, बारीक. त्या चार बोटांच्या हवेनं गरमी अडते आणि बाहेरून ओल आलीच तर ती आतल्या भिंतीपर्यंत पोचत नाही, असं त्यानं मला समजावलं. खाली आणि वर ओळीनं भोकं ठेवली. मी म्हटलं, ही भोकं दिसतात किती वाईट. तो म्हणाला, दिसू द्या, पण ही बुजवू नका आणि झरोके उघडे ठेवा. वरून चुन्याचा पांढराशुभ्र गिलावा. एप्रिलमध्ये मशीन खाली उतरवल्या तेव्हा मला कौतुक वाटलं, खोटं का बोलू. समोरच्या कांताबाईनं येऊन पाहिलं आणि आपल्या मागच्या खोलीच्या ओलसर भिंतीसाठी देवाजीला तिथल्या तिथं सांगून ठेवलं.

आता कूलरचं सांगते. मुलींची नावं घालायला आया आल्या की पहिला प्रश्न, कूलर आहे ना? मी सांगायची, अहो खाली थंडच आहे, हात लावून पाहा. त्या हात लावायच्या आणि पुन्हा विचारायच्या, पण कूलर आहे ना? नागपुरात मे महिन्यात कूलर नाही म्हटलं की लोकांना वाटतं घरात काहीतरी बरं नाही. मलाही ते पटलंच. तपासणीच्या बाई भर दुपारी येणार, त्यांना कूलर दिसायला नको का? मी ह्यांच्या मागे लागले. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चंपतरावांना न विचारता काहीतरी आणलं. वाळ्याच्या टट्ट्यांचा चांगला मोठा कूलर, जिन्याच्या डोक्यावर ठेवला, तोंड खाली तळघराकडे. सकाळी नऊला लू, म्हणजे तो कोरडा गरम वारा, सुटायच्या आधी आम्ही सगळे दारं-खिडक्या बंद करतोच, तसे झरोकेही बंद केले. थंड हवा बाहेर कशाला जाऊ द्यायची? भोकांतून झुरळं येतील म्हणून त्यांत चिंध्या कोंबल्या. शिवणवर्गात चिंध्यांना काय तोटा. वाळ्याचा वास सुटला तेव्हा चौदा मुलींनी टाळ्या वाजवल्या.

दहा दिवसांत सुया गंजायला लागल्या. मग खाकी कागदाची कटिंगं लोळागोळा व्हायला लागली. मग पांढऱ्या पॉपलीनला कुबट वास आला, आणि एका सकाळी भिंतीवर मोठमोठे ओले नकाशे उमटले. उत्तरेच्या भिंतीवर सगळ्यात जास्त. तपासणी चोवीस तारखेला, आणि भिंत घाम फुटल्यासारखी पाझरत होती.

मी देवाजीला बोलावणं पाठवलं. तो आला तेव्हा वर्ग भरलेला होता. मी जिन्यातच उभी राहिले आणि त्याला खाली उतरू दिलं नाही. आठ महिने मी त्याला तुम्ही म्हणत होते, त्या दिवशी तू म्हटलं. तू फसवलं, म्हटलं. आठ महिने मला थांबवून ठेवलं आणि ओलीच्या ओलीच भिंत दिली. खालच्या सगळ्या मशीन थांबल्या होत्या. त्यानं माझ्या खांद्यावरून वाकून भिंतीकडे पाहिलं, मग वर कूलरकडे पाहिलं, आणि मला विचारलं, की जरा खाली जाऊन हात लावून पाहू का. मी नाही म्हटलं.

"हे भिंतीतून नाही आलं बाई," तो म्हणाला.

मी म्हटलं, मग काय माझ्या मुलींनी आणलं? त्यानं पिशवी उचलली आणि गेला.

माझं तेवढ्यानं भागलं नाही. मी तशीच कांताबाईच्या फाटकात गेले आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की त्या देवाजीला काम देऊ नकोस, माझ्या वर्गाची माती केली त्यानं. सोमवारपासून तो तिच्याकडे लागणार होता. तिनं त्याला नको म्हणून कळवलं. मोहल्ल्यातल्या आणखी दोन घरांनीही कळवलं. मला तेव्हा बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

चंपतराव आनंदात आले. त्यांनी आपला माणूस आणला आणि भिंत फोडून आत काय आहे ते पाहायचं ठरलं. मुलींना सुट्टी दिली. पहारीचे घाव बसले आणि देवाजीच्या भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं. आतून धूळ उठली. कोरडी, चुन्याची, आणि तीस वर्षांच्या मिरचीची. आम्ही तिघंही शिंकायला लागलो. मी भगदाडात हात घातला आणि जुनी भिंत चाचपली. कोरडी. नव्या भिंतीची पाठ चाचपली. तीही कोरडी, हाताला पांढरी भुकटी लागली. ओला होता तो फक्त खोलीकडचा गिलावा. चंपतराव म्हणाले, हे कसं काय? 

तेवढ्यात जिन्यावर पाण्याचा आवाज झाला. हे बादली घेऊन कूलरमध्ये पाणी ओतत होते.

मी विचारलं, "अहो, ही कितवी बादली?"

"आठवी," हे म्हणाले. "संध्याकाळपर्यंत बारा लागतात."

बारा बादल्या. रोज. अठरा दिवस. आणि मी झरोके बंद करून, भोकांत चिंध्या कोंबून बसले होते. ते सगळं पाणी हवेतून माझ्या तळघरात उतरत होतं, गार भिंतीवर बसत होतं, आणि त्याला जायला मी कुठं जागाच ठेवली नव्हती. देवाजीनं मान वर करून कूलरकडे पाहिलं होतं, ते मला त्या क्षणी आठवलं. त्याला जिन्यातच कळलं होतं. त्याला फक्त हात लावून पाहायचा होता. मला इतकी लाज वाटली की मी पायरीवर खालीच बसले. मग उठून कूलरचं बटण बंद केलं, झरोके उघडले, चिंध्या उपसून काढल्या. हे म्हणाले, अगं पण मुलींना गरमी होईल. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी बादली ठेवली आणि कूलर ओढत अंगणात नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नकाशे आकसायला लागले. लू आत येऊन भिंत सुकवून राहिली होती, जिला आम्ही दारं लावून बाहेर ठेवतो तीच लू. तपासणीला चार दिवस होते आणि भिंतीत भगदाड.

पुढल्या सकाळी सात वाजता मी ठिय्यावर गेले. तीस-चाळीस पुरुष आणि मी एकटी बाई. देवाजी कडुलिंबाखाली बसला होता. काम असतं तर तिथं कशाला बसला असता? मी सरळ समोर जाऊन उभी राहिले.

"देवाजी, ओल तुमची नव्हती," मी म्हटलं. "माझ्या कूलरची होती. मी तुम्हाला सगळ्यांदेखत बोलले, म्हणून सगळ्यांदेखत सांगते."

आजूबाजूचे मिस्त्री वळून पाहायला लागले. देवाजीनं तंबाखू मळणं थांबवलं नाही.

"इथं काहून सांगता बाई?" तो म्हणाला. "इथल्या लोकायले माहीतच हाये. तिकडं सांगा, जिथं सांगतलं होतं."

मग आम्ही दोघं चालत आमच्या गल्लीत आलो, मी पुढं आणि तो दहा पावलं मागं. कांताबाई फाटकात सडा टाकत होती. त्या चार पावलांइतकं अवघड मला काही गेलं नाही. मी तिला सांगितलं, तेवढ्याच मोठ्या आवाजात, की माझं चुकलं, भिंत कोरडी होती, पाणी माझंच होतं. कांताबाईनं तांब्या खाली ठेवला.

"अवं माय, पन तूच तं म्हटलं होतं ना वं," ती म्हणाली. "चंपतरावाचा मानूस कालच डांबर लावून गेला."

मी मागं वळून देवाजीकडे पाहिलं. तो कांताबाईला म्हणाला, की डांबर अजून ओलं असंल, आजच तासलं तर भिंत वाचंल. कांताबाईनं मान हलवली, पण आता लावलंच आहे तर राहू द्या, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं पुन्हा सांगितलं नाही. माझ्याबरोबर तळघरात आला, भिंतीला तळवा लावून उभा राहिला, तसाच, पूर्वीसारखा. मी म्हटलं, भगदाड बुजवून द्या, तपासणी आहे. तो नाही म्हणाला. नवा चुना म्हणजे पुन्हा ओल, तीन दिवसांत सुकणार नाही. त्यानं थापीनं भगदाडाच्या कडा सरळ केल्या, राडारोडा उचलून दिला, पाणी प्यायला आणि पावसाळा संपल्यावर पाहू म्हणाला.

तपासणीच्या शोभाताई भर बाराला आल्या. पदरानं तोंड पुसत खाली उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर थांबल्या. कूलर कुठं आहे, म्हणून त्यांनी छताकडे, कोपऱ्यांकडे पाहिलं. मी म्हटलं, इथं कूलर चालत नाही बाई, भिंत पुरते. त्यांनी भगदाडाबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं, माझा मूर्खपणाही सांगितला. त्यांनी भगदाडात हात घालून दोन्ही भिंती चाचपल्या, हाताला लागलेली भुकटी झटकली, चौदा मुलींच्या वह्या पाहिल्या आणि दीड तास तिथंच बसल्या. जाताना म्हणाल्या, बाहेर जावंसं वाटत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मंजुरीचं पत्र आलं. मी ते घेऊन तडक ठिय्यावर गेले. देवाजी नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. एक मिस्त्री म्हणाला, तुमच्या मोहल्ल्यातली तिन्ही कामं गेली त्याची, मग तो उमरेडकडे गेला, खाणीच्या वसाहतीत बांधकाम निघालं आहे. दुसरा म्हणाला, उमरेड नाही, पारशिवनी. पत्र मी पोलक्यात घालून परत आणलं.

ऑगस्टमध्ये कांताबाईची भिंत सुटली. कपाटासकट. ती धापा टाकत माझ्याकडे आली, तळघरात बावीस मुलींचा वर्ग चालू होता.

"त्या देवाजीचं गाव कोनतं वं?" तिनं विचारलं. "मानूस पाठवतो मी."

मी तोंड उघडलं. आठ महिने तो माणूस माझ्या घरात येत होता. माझ्या पायरीवर बसून भाकर खात होता. चहात साखर जास्त घेतो, हे मला माहीत होतं. त्याचं गाव मी कधी विचारलं नव्हतं. आडनावही नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं.

 कांताबाईला वाटलं, मी मुद्दाम सांगत नाही, माझं भगदाड बुजवायला त्याला लपवून ठेवते. ती रागारागानं जिना चढून गेली. मी तिला थांबवलं नाही.